तो बेडूक जपानीत असा बोलतच नाही!

मागच्या अंकात जपानी आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट खेळायचे) गेमवर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही विचारायचं असेल तर बिनधास्त लिहा. पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे कुठला कन्सोल घेऊ, कुठला गेम आधी खेळू हे विचारणारे कमी, "इंग्रजीत हे असं का केलंय" हे विचारणारेच जास्त. मला फार बरं वाटलं. या गेमचा अर्धा जीव संवादात असतो, आणि ते संवाद आपल्यापर्यंत पोचतात कारण कोणीतरी बसून ते जपानीतून इंग्रजीत आणलेले असतात, ज्याचं नाव शेवटच्या क्रेडिट्समध्ये कुठेतरी सरकून जातं. म्हणून या वेळची सगळी उत्तरं त्यावरच.

प्रश्न : ताई, कॉलेजात असताना कॉम्प्युटरवर क्रोनो ट्रिगर खेळलो होतो, आता फोनवर विकत घेतला. त्यातला तलवारवाला बेडूक, फ्रॉग, आधी 'दाऊ', 'दाय' असं जुन्या काळातलं इंग्रजी बोलायचा, आता सरळ साधं बोलतो. माझा सगळ्यात आवडता होता तो. कंपनीने मुद्दाम बदललं का? (एक वाचक, जळगाव)

बदललं खरं, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही, उलट आहे. मूळ जपानीत तो बेडूक जुन्या भाषेत बोलतच नाही! तिथे तो स्वतःला 'ओरे' म्हणतो, म्हणजे रांगडा पुरुषी 'मी', आणि बोलणंही तसंच, थोडं खडबडीत. ते जुनं दरबारी इंग्रजी त्याला दिलं टेड वूल्सी यांनी, १९९५ च्या सुपर निन्टेन्डो या कन्सोलवरच्या इंग्रजी आवृत्तीत. मग २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर (हातात धरून खेळायचा कन्सोल) गेम आला तेव्हा भाषांतर पुन्हा तपासलं गेलं आणि फ्रॉगचं 'दाऊ-दाय' गेलं, फोनवर आहे ते त्याच नव्या भाषांतरावर बेतलेलं.

आता वूल्सी यांच्याबद्दल थोडं सांगतेच, कारण त्यांच्यावर आजही भांडणं होतात. फायनल फँटसी सहाचं भाषांतर त्यांनी साधारण ३० दिवसांत केलं. एवढा मोठा गेम, चौदा पात्रं, आणि एक महिना! वर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम साठवलेल्या डबीत, जागा ठरलेली. जपानीत तलवार लिहायला एक अक्षर पुरतं, इंग्रजीत पाच लागतात, म्हणजे जपानी मजकूर जिथे मावतो तिथे इंग्रजी मावतच नाही, मग कापा, लहान करा, पुन्हा कापा. म्हणून त्या काळच्या गेममध्ये मंत्रांची नावं फायर, फायर २, फायर ३ अशी दिसतात, जपानीत त्यांना वेगवेगळी नावं आहेत. त्यात निन्टेन्डो ऑफ अमेरिकाचे तेव्हाचे नियम, धर्माचं काही नको, दारूचं काही नको. होली या मंत्राचं 'पर्ल' झालं आणि गावातल्या दारूच्या गुत्त्यांचे कॅफे झाले. आणि एवढ्या कोंडमाऱ्यात त्या माणसाने केफ्कासारखा खलनायक इंग्रजीत असा उभा केला की त्याच्या तोंडची वाक्यं लोकांना आजही पाठ आहेत. नायिकेचं नाव मूळ जपानीत टीना, जपानी पोरांना ते परदेशी आणि जरा गूढ वाटायचं, पण अमेरिकेत टीना म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी, म्हणून त्यांनी ते टेरा केलं. हे मला अगदी पटतं, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला काय वाटेल याचा विचार तिथे केलेला आहे.

तर तुमचा आवडता फ्रॉग खोटा नाही, तो वूल्सींचा फ्रॉग आहे. मला स्वतःला तोच जास्त आवडतो. शब्दाला शब्द जुळला का हे मी नंतर बघते, आधी बघते की समोरचं पात्र माणसासारखं बोलतंय का, आणि दोन पात्रं डोळे मिटून ऐकली तर वेगळी ओळखू येतात का. नव्या भाषांतरात अर्थ जास्त बरोबर आहे पण फ्रॉग बाकीच्यांत मिसळून गेलाय.

प्रश्न : माझ्याकडे जुन्या सुपर निन्टेन्डोच्या गेमची यादी आहे, त्यात फायनल फँटसी दोन, तीन आहेत आणि एकदम सात. चार, पाच, सहा गेले कुठे? (इयत्ता नववी, सातारा)

कुठे गेले नाहीत रे. अमेरिकेत पहिला आला, मग जपानमधला दुसरा आणि तिसरा तिकडे आलेच नाहीत, म्हणून १९९१ मध्ये जपानचा चौथा गेला तो तिथे 'दोन' म्हणून विकला. पाचवा गाळला. सहावा १९९४ ला 'तीन' झाला. १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर सातवा आला तेव्हा कंपनीने खरा आकडा ठेवला आणि सगळे चक्रावले. आता मिळणाऱ्या पिक्सेल रीमास्टरमध्ये एक ते सहा सरळ आकड्याने आहेत, ते घे. सुरुवात चारपासून कर, छोटा आहे आणि गोष्ट जोरात पळते.

प्रश्न : फायनल फँटसी दहाच्या शेवटी युना इंग्रजीत 'आय लव्ह यू' म्हणते. माझा मित्र जपानी आवाजात खेळलाय, तो म्हणतो तिथे ती 'अरिगातो' म्हणते, म्हणजे नुसतं थँक यू! मग खरं काय? आमचं यावरून चांगलंच वाजलंय. (दोन मित्र, ठाणे)

(ज्यांनी शेवट बघितला नाही त्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जा, खरंच.)

तुझा मित्र बरोबर सांगतोय, जपानीत 'अरिगातो'च आहे. इंग्रजी भाषांतर करणाऱ्या टीममध्ये अलेक्झांडर स्मिथ होते आणि हा बदल त्यांनी विचार करून केला, त्याबद्दल ते नंतर बोललेही आहेत. आता बघा, तिचा लाडका टीडस डोळ्यांदेखत विरघळून चाललाय, पुन्हा भेटणार नाही, आणि त्या वेळी इंग्रजीत ती जर 'थँक यू' म्हणाली असती तर दुकानात सुटे पैसे परत घेतल्यासारखं वाटलं असतं. जपानीत मात्र त्या एका शब्दात तू आलास, माझ्याबरोबर चाललास, मला जगायला शिकवलंस, हे सगळं बसतं.

आणि हे समजायला आपण अमेरिकन लोकांपेक्षा जास्त जवळ आहोत असं मला वाटतं. आपल्याकडे घरात कोण कोणाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणतं सांगा? आणि आपल्या माणसाला 'धन्यवाद' म्हटलं तर तो म्हणेल, मी काय परका आहे का. आपली आजी दारात उभी राहून 'सांभाळून जा हं' म्हणते आणि त्यातच सगळं येतं. मराठीत हा सीन कोणी केला तर युनाला मी ना थँक यू देईन ना आय लव्ह यू, 'येशील ना परत?' असं काहीतरी देईन, तो येणार नाही हे माहीत असताना.

अजून एक कारण आहे, जे खेळताना लक्षात येत नाही. २००१ चा हा गेम म्हणजे मालिकेतला पहिला बोलका गेम, आणि इंग्रजी आवाज जपानी वाक्याच्या लांबीतच बसवावा लागायचा, ओठांची हालचाल जपानीवर बेतलेली. म्हणून युना मध्येच अडखळल्यासारखी बोलते, ती नटीची चूक नाही. आणि तो कुप्रसिद्ध हसण्याचा सीन, टीडस मोठ्याने खोटं खोटं हसतो, त्यावर लोक इतके व्हिडिओ करतात, अरे तो मुद्दामच खोटा हसतोय! युना त्याला सांगते की वाईट वाटत असेल तरी हसायचा सराव कर, आणि तो करतो, मग दोघं खरंच हसायला लागतात. तो सीन पूर्ण बघा, मधलाच तुकडा कापून बघू नका.

तुमच्या भांडणाचा निकाल : दोन्ही खरं. आता गप्प बसा आणि दहा-दोन, म्हणजे दहाचा पुढचा भाग, सुरू करा.

प्रश्न : मी मराठी मीडियमची. जपानी गेममुळेच माझं इंग्रजी सुधारलं, शेजारी वही ठेवून शब्द लिहून घ्यायचे. पण ड्रॅगन क्वेस्ट चार डीएसवर घेतला आणि पहिल्याच प्रकरणात काही कळेना, अर्धे शब्द डिक्शनरीतच नाहीत. माझं इंग्रजी इतकं कच्चं आहे का? (एक वाचक, धुळे)

अगं नाही, अजिबात नाही! त्या पहिल्या प्रकरणातले लोक स्कॉटिश ढंगात बोलतात, आणि ते तसंच उच्चारासारखं लिहिलंय, म्हणून डिक्शनरीत सापडत नाही. पुढच्या प्रकरणात राजकुमारी अलेनाच्या गावातले लोक रशियन लोकांसारखं इंग्रजी बोलतात. २००८ च्या त्या इंग्रजी आवृत्तीत अनुवादकांनी गावागावाला वेगळी बोली दिली, मुळात असं काही नव्हतं. कल्पना म्हणून मला ती आवडते, आपल्याकडे कसं मालवण, नागपूर, कोल्हापूर नुसतं तोंड उघडलं की कळतं. पण ज्याची इंग्रजी ही शिकलेली भाषा आहे त्याचं काय, हा तुझा प्रश्न मला कुठल्याही इंग्रजी परीक्षणात वाचायला मिळाला नाही आणि तो फार महत्त्वाचा आहे. हे गेम इंग्रजीतून खेळणारे सगळे काही लंडन-न्यूयॉर्कचे नाहीत, धुळ्यापासून मनिलापर्यंत लोक वही घेऊन बसलेले असतात.

तुला एक युक्ती सांगते, तो मजकूर मनात वाचू नकोस, मोठ्याने म्हण. उच्चार कानावर पडला की ओळखीचा शब्द आपोआप बाहेर येतो, दोन-तीन गावांनंतर सवय होते. आणि जमलं तर फोनवरची आवृत्ती घे, कारण डीएसच्या इंग्रजी आवृत्तीत सोबत्यांच्या आपापसातल्या गप्पा सगळ्याच्या सगळ्या काढून टाकल्या होत्या, जपानीत त्या होत्या. फोनच्या आवृत्तीत २०१४ ला त्या इंग्रजीत परत आल्या. त्या गप्पांशिवाय हा गेम म्हणजे सहलीला जाऊन कोणाशी न बोलता परत येणं आहे.

प्रश्न : मदर तीन हा गेम इंग्रजीत अधिकृत आलाच नाही असं वाचलं, पण लोक तर इंग्रजीत खेळलेत. हे फॅन ट्रान्सलेशन म्हणजे पायरसीच ना? (एक वाचक, पणजी)

सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही, म्हणून नीट सांगते.

मदर तीन जपानमध्ये २००६ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्सवर आला. याच्या आधीचा मदर दोन अमेरिकेत १९९५ मध्ये अर्थबाउंड नावाने आलेला, त्याचे चाहते वाट बघत बसले, सह्यांच्या मोहिमा झाल्या, काही झालं नाही. मग चाहत्यांनीच हातात घेतलं, क्लाईड मँडेलिन यांच्या पुढाकाराने, आणि ते स्वतः व्यवसायाने जपानी अनुवादक. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचं भाषांतर आलं, फुकट. त्यांनी नुसता मजकूर बदलला नाही हो, गेमच्या आतली यंत्रणा बदलावी लागते. जपानी गेममध्ये बऱ्याचदा प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा चौकोन असतो, त्यात इंग्रजी 'आय' आणि 'डब्ल्यू' सारख्याच रुंदीचे टाकले तर वाक्य दात पडल्यासारखं दिसतं, म्हणून अक्षराप्रमाणे रुंदी बदलेल असा कोड नव्याने घुसवावा लागतो. नोकरी सांभाळून, रात्री बसून लोक हे करतात.

वाटतात ते काय, तर पॅच, म्हणजे फक्त केलेल्या बदलांची फाइल. त्यात गेम नसतो, गेम तुमच्याकडे स्वतःचा असायला हवा. कायद्याने हे तरीही अधांतरीच आहे, कंपनीने मनात आणलं तर नोटीस येऊ शकते आणि इतर गेमच्या बाबतीत ती आलेलीही आहे. पण कोणी विकत असेल, रेडीमेड कार्ट्रिज बनवून बाजारात, ते मात्र चुकीचंच, आणि भाषांतर करणारेसुद्धा त्यावर चिडतात, कारण त्यांच्या फुकटच्या कामावर तिसराच पैसे कमावतो. मँडेलिन यांनी तर पुढे निन्टेन्डोला जाहीरपणे सांगितलं की माझं भाषांतर हवं तर फुकट वापरा. कंपनीने २०२४ मध्ये स्विचवर हा गेम आणला, पण फक्त जपानमध्ये आणि जपानीत. मला याचं खरंच वाईट वाटतं. भावाभावांची, आई गेल्यानंतर मोडलेल्या घराची इतकी सुंदर गोष्ट, आणि तिला अधिकृत दार नाही.

सगळीकडे असं होत नाही हेही सांगायला हवं. निहोन फाल्कॉमचा ट्रेल्स फ्रॉम झीरो जपानमध्ये २०१० चा, जिओफ्रंट नावाच्या चाहत्यांच्या गटाने २०२० मध्ये इंग्रजीत आणला, आणि प्रकाशकाने चक्क तेच भाषांतर रीतसर घेऊन २०२२ मध्ये अधिकृत गेम काढला. असं व्हायला हवं.

प्रश्न : ट्रेल्स इन द स्काय एवढा वाचायला लावतो, गावातल्या प्रत्येकाशी बोललंच पाहिजे का? मी बोअर होऊन सोडायच्या बेतात आहे. (एक वाचक, नाशिक)

सोडू नका, प्लीज! सगळ्यांशी बोलायची सक्ती नाही, पण दोन-तीन माणसं धरून ठेवा. गोष्ट जरा पुढे सरकली की त्याच माणसाकडे परत जा, तो काहीतरी नवीन बोलतो, कोणाचं लग्न ठरत असतं, कोणाचं दुकान चालत नसतं, ते सगळं आपल्याशिवाय चालू असतं. मी गेममधल्या गावात 'राहिले' असं मला पहिल्यांदा इथेच वाटलं.

आणि रिकाम्या पेट्या पुन्हा उघडून बघा. एकदा खजिना घेतला की पेटी रिकामी, पण परत उघडली की इंग्रजी आवृत्तीत पेटी काहीतरी बोलते, कधी रुसते, कधी टोमणा मारते. जपानीत तिथे नुसतं पेटी रिकामी आहे एवढंच. इंग्रजी आवृत्ती काढणाऱ्या एक्ससीड कंपनीच्या लोकांना दिसलं की प्रत्येक पेटीचा मजकूर वेगळा लिहिता येतो, आणि त्यांनी खरंच प्रत्येकीला वेगळं वाक्य लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे जास्त पैसेही नव्हते. त्या गेमवर ज्यांनी काम केलं त्यांचा जीव होता त्यात.

तो जीव स्वस्तात आला नाही हेही माहीत असू द्या. पहिला भाग जपानमध्ये २००४ चा, इंग्रजीत आला २०११ ला. दुसरा जपानमध्ये २००६, इंग्रजीत २०१५ च्या ऑक्टोबरअखेर! आणि पहिला भाग अशा जागी संपतो की माणूस रात्रभर झोपत नाही, लोक तिथे चार वर्षं लटकले. मजकूर इतका अफाट की छोट्या टीमचा त्यात अक्षरशः पिट्टा पडला. आता तुमचं नशीब चांगलं, पहिल्या भागाचा रीमेक सप्टेंबर २०२५ मध्ये जपान आणि बाकी जगात एकदमच आला.

प्रश्न : गेमसाठी जपानी शिकू का? क्लासवाले म्हणतात नोकरीसाठी शिका. (एक विद्यार्थिनी, पुणे)

शीक गं, कारण काहीही असो. पुण्यात तर क्लास भरपूर, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षाही पुण्यातच देता येते. आणि मराठी येणाऱ्याला वाक्याची घडण जड जात नाही, क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाला मागून चिकटतात, आदराची रूपंही आपल्याला नवीन नाहीत. कांजीचा, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रासारख्या अक्षरांचा, डोंगर मात्र चढावाच लागतो. गेममध्ये सुरुवात पोकेमॉनने कर, २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून त्यात मजकूर नुसत्या 'काना' लिपीत (उच्चारावर चालणारी सोपी जपानी अक्षरं) किंवा कांजीसकट असं निवडता येतं. आवाज जपानी आणि मजकूर इंग्रजी असं लावून खेळू नकोस मात्र, डोळा इंग्रजीवरच जातो आणि कान झोपतो. आणि पहिल्या वर्षी पर्सोनासारखे भरपूर मजकुराचे गेम वाचता येतील अशी आशा ठेवू नकोस, येणार नाही, त्याने हिरमोड होतो.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र एखादा जुना जपानी आरपीजी मराठीत करायचं म्हणतोय. कोडिंग दोघांना येतं. होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

वा! होईल, पण गेम नीट निवडा. सुपर निन्टेन्डोच्या काळातला घेतलात तर देवनागरीच तुमचा घाम काढेल. तिथे एकामागे एक अक्षर ठेवलं की झालं, पण आपल्याकडे 'कि' मधली वेलांटी नंतर टाइप होऊन आधी दिसते, जोडाक्षरं, रफार, वर-खाली मात्रा, त्या जुन्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही. प्रत्येक जोडाक्षर वेगळं चित्र म्हणून काढायचं तर जागा संपते. त्यापेक्षा आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत केलेला एखादा छोटा गेम शोधा, ज्याच्या निर्मात्याला मेल टाकून परवानगी मागता येईल. नव्या आवृत्त्या ब्राउझरच्या तंत्रावर चालतात, त्यामुळे देवनागरी बऱ्यापैकी नीट उमटते, तरी आधी एका गावाचा मजकूर टाकून बघा.

कामाची वाटणी करताना कोडवाले दोघं सोडून उरलेल्या दोघांपैकी एकाने फक्त संवाद मोठ्याने वाचायचं काम घ्या. भाषांतर एकाच माणसाने इंग्रजीवरून बसून केलं की सगळी पात्रं एकसारखी, पाठ्यपुस्तकासारखी बोलायला लागतात. सराईमधला म्हातारा कोल्हापुरीत बोलू दे की, राजा प्रमाण मराठीत बोलू दे, आणि नायिका नायकाला 'तू' कधी म्हणायला लागते ते आधीच ठरवून ठेवा, कारण इंग्रजीत ते कळणारच नाही आणि मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. जपानी येणारं कोणी मिळालं तर मुळात ती कशी बोलते ते विचारून घ्या. एक गाव पूर्ण झालं की मला पाठवा, मी खेळून बघते आणि पुढच्या अंकात त्याबद्दल लिहिते.